किनाऱ्यावरची आगगाडी आणि आर्वीचा फलाट



स्मृतिव्याख्यानाच्या सुरुवातीला गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द बोलायची रीत आहे. अध्यक्षांनी ते इतके मनापासून सांगितले की मी त्यात भर घातली तर पातळ होईल. तेव्हा सरळ विषयाकडे वळतो.

तळेगावात रेल्वेवर बोलायचं म्हणजे तसं धाडसच. श्यामजी पंतांच्या या तळेगावाला रेल्वे कधी आली नाही. आपल्याकडे नागपूर-अमरावती महामार्ग आहे, आर्वीकडून येऊन आष्टीकडे जाणारा रस्ता आहे, एसटीचं आगार आहे आणि रात्री दोन वाजताही चहाच्या टपरीपुढे एखादा ट्रक उभा असतोच. आगगाडी पाहायची तर आर्वी गाठायची. आर्वीला पुलगावची छोटी गाडी होती. ‘होती’ म्हणतो, कारण ती कधीच बंद पडली. आज या सभागृहात ज्यांचे केस पिकले आहेत त्यांनीच ती पाहिली असेल. बाकीच्यांना ती ऐकूनच ठाऊक.

आजचा विषय इंग्लंडच्या समुद्रकाठचे जुने वारसे आणि तिथल्या वाफेच्या आगगाड्या असा जाहीर झाला आहे. कुणी म्हणेल, वर्धा जिल्ह्याला ना समुद्र, ना वाफेचं इंजिन. याला हे कुठून सुचलं? मला प्रश्न एवढाच पडला आहे. ज्या देशाने आपल्या कापसासाठी आर्वीपर्यंत रूळ टाकले, त्या देशात तशाच शाखा-लाइनी पुढे बंद पडल्या. तिथे त्यातल्या कितीतरी पुन्हा धावू लागल्या, आणि आपल्याकडे रूळही दिसत नाहीत. असं का झालं?

आधी आपलं घर पाहू. मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला, म्हणजे जीआयपी रेल्वे 1867 मध्ये नागपूरला पोचली. त्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, तिथला कापूस अडकला होता आणि लँकेशायरच्या गिरण्या कोरड्या पडल्या होत्या. त्यामुळे वऱ्हाड आणि वर्धेच्या खोऱ्यातल्या काळ्या जमिनीकडे साहेबाचं लक्ष गेलं. मुख्य लाइन झाली तेव्हा बडनेरा, धामणगाव, पुलगाव, वर्धा या स्टेशनांवर कापसाच्या गाठींचे ढीग लागू लागले. पण आर्वीचा कापूस पुलगावला न्यायचा तर बंडीशिवाय इलाज नव्हता. पावसाळा लांबला की काळ्या मातीत चाकं आसापर्यंत रुतायची. बैल थकायचे, भाव उतरायचे आणि दलालाचं फावायचं.

या अडचणीत मुंबईच्या किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीला धंदा दिसला. 1910 मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी उभी राहिली. मूर्तिजापूर ते अचलपूर 76 किलोमीटर ही लाइन 1913 मध्ये सुरू झाली. मूर्तिजापूर ते यवतमाळ 113 किलोमीटर हा तिचा दुसरा हात. आणि पुलगाव ते आर्वी 35 किलोमीटरचा तुकडा 1917 मध्ये चालू झाला. सोरटा, विरूळ, रोहणा या गावांच्या शिवारातून ती गाडी जायची. दोन रुळांतलं अंतर अडीच फूट. या सगळ्या गाड्यांना लोकांनी पुढे ‘शकुंतला’ म्हणायला सुरुवात केली. हे नाव कुणी दिलं याच्या कथा गावागणिक वेगळ्या आहेत, त्यात मी पडत नाही.

अडीच फुटी रूळ म्हणजे गरिबाची रेल्वे, असं आपण समजतो. त्यामागे मोठं डोकं होतं आणि ते महाराष्ट्रातच चाललं होतं. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरने 1897 मध्ये बार्शी लाइट रेल्वे काढली. इंजिन असो की वाघीण, एकाही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही, हे त्याचं सूत्र. भार सगळ्या आसांवर सारखा वाटला की हलके, स्वस्त रूळही पुष्कळ माल पेलतात. वारकऱ्यांनी खचाखच भरलेल्या गाड्या बार्शी लाइटने वर्षानुवर्षं ओढल्या त्या याच हिशेबावर. हाच कॅलथ्रॉप मग इंग्लंडला गेला आणि स्टॅफर्डशायरच्या डोंगराळ भागात लीक अँड मॅनिफोल्ड नावाची अडीच फुटी लाइन त्याने 1904 मध्ये उभी केली. बार्शीचा धडा त्याने विलायतेत गिरवला. ती लाइन 1934 मध्ये बंद पडली आणि आज तिच्या जागेवरून लोक पायी आणि सायकलने फिरतात. हे सांगायचं कारण, लाइन बंद पडणं ही काही फक्त आपल्या नशिबाची गोष्ट नाही. तिकडेही मोटार आली आणि छोट्या लाइनी गेल्या.

मोठा घाव बसला तो 1963 मध्ये. ब्रिटिश रेल्वेचे प्रमुख डॉ. रिचर्ड बीचिंग यांनी अहवाल दिला की हजारो मैलांच्या शाखा-लाइनी तोट्यात आहेत, त्या बंद कराव्यात. मग कुऱ्हाड चालू झाली. 1968 च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश रेल्वेच्या सर्वसाधारण सेवेतून वाफेचं इंजिनही गेलं. समुद्रकाठच्या गावांना तर दुहेरी मार बसला, कारण त्यांचा सगळा उन्हाळी धंदा रेल्वेने येणाऱ्या सुटीकरांवर चालायचा.

आता दक्षिण किनाऱ्यावरच्या स्वॉनेज या गावाची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण आजच्या बोलण्याचा जीव तिच्यात आहे. डॉर्सेट परगण्यात हे छोटं बंदर आहे. तिथला दगड लंडनच्या इमारतींना गेला, आणि पुढे तिथे हवा खायला येणाऱ्यांची गर्दी होऊ लागली. गावाला रेल्वे 1885 मध्ये आली. 1972 च्या जानेवारीत शेवटची गाडी सुटली. त्याच उन्हाळ्यात ठेकेदाराने सात आठवड्यांत जवळजवळ दहा किलोमीटरचे रूळ उपटून भंगारात घातले. रूळ नाहीत, स्लीपर नाहीत, सिग्नल नाहीत. स्टेशनची इमारत आणि गवतातली एक पट्टी, बस्स. त्या पट्टीवरून वाटेतल्या एका गावाला वळसा घालणारा मोटाररस्ता न्यावा असाही विचार परगण्याच्या कचेरीत चालू होता.

अशा वेळी काही माणसांनी संस्था काढली. त्यात रेल्वेचे निवृत्त लोक होते, मास्तर होते, दुकानदार होते, वाफेच्या इंजिनाचं वेड घेतलेली पोरं होती. रूळ उपटले गेले त्याच वर्षी, 1972 मध्ये, ती संस्था झाली. स्टेशनचा ताबा मिळायला चार वर्षं लागली. 1979 मध्ये त्यांनी गाडी चालवली, आणि किती अंतर, तर काही शे यार्ड. म्हणजे इथल्या चौकातून आगारापर्यंत जाऊन परत यावं तसं. लोक हसले असतील. 1984 मध्ये गाडी पुढच्या थांब्यापर्यंत गेली, 1989 मध्ये त्याच्या पुढच्या, आणि 1995 मध्ये कॉर्फ कॅसल ओलांडून नॉर्डनला पोचली. सात आठवड्यांत उपटलेले रूळ पुन्हा टाकायला तेवीस वर्षं गेली. रविवारच्या सुटीत, पावसात, उसनी हत्यारं घेऊन.

कॉर्फ कॅसल हे त्या लाइनीवरचं मधलं गाव. टेकडीवर मोडका किल्ला आहे. तो अकराव्या शतकातला, विल्यम द कॉन्कररच्या काळातला. 1646 मध्ये यादवी युद्धात पार्लमेंटच्या सैन्याने तो घेतला आणि सुरुंग लावून फोडला. त्याआधी किल्ल्याची मालकीण लेडी मेरी बँक्स हिने तो मोठ्या हिमतीने लढवला होता. आज एक बुरूज सरळ उभा आहे आणि एक जागचा घसरून तिरका थांबलेला आहे. खाली स्टेशन, वर किल्ला, मधून पांढरी वाफ सोडत जाणारी गाडी. हे चित्र तुम्ही कॅलेंडरवर पाहिलं असेल. पण त्या चित्राखाली एक व्यवहार आहे, आणि मला तो जास्त मोलाचा वाटतो. किल्ल्याखालचं गाव अरुंद आहे. उन्हाळ्यात मोटारींनी तुंबून जातं. नॉर्डनला मोटार उभी करा आणि पुढे आगगाडीने किल्ल्याला, समुद्राला जा, अशी सोय त्या लाइनीने केली. हौसेची गाडी गावाच्या कामाला आली. ज्या परगण्याला तिथे मोटाररस्ता हवा होता, त्याच परगण्याच्या वाहतुकीची गुंतागुंत तिने सोडवली.

मी तिथे गेलो होतो तेव्हा तिकिटाला भोक पाडणारे गृहस्थ आयुष्यभर शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले होते. पगार विचारला तर म्हणाले, दुपारचा चहा. गणवेश मात्र कडक इस्त्रीचा, टोपीची पट्टी चकचकीत. आपल्याकडे निवृत्त मास्तर पारावर बसून देश चालवतात. त्यांनी एक लाइन चालवली तर वाईट काय?

उत्तरेकडे यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर व्हिटबी आहे. कॅप्टन कुकने जहाजाचं काम शिकायला सुरुवात केली ते हे बंदर. त्याचं ‘एंडेव्हर’ जहाज इथेच बांधलेलं. कड्यावर सातव्या शतकात स्थापन झालेल्या मठाचे अवशेष आहेत. तिथे जायला 199 पायऱ्या, आणि चढणारा प्रत्येक माणूस त्या मोजतो. व्हिटबी ते पिकरिंग ही लाइन खुद्द जॉर्ज स्टीफन्सनने आखली आणि ती 1836 मध्ये पूर्ण झाली. सुरुवातीला तिच्यावर डबे घोडे ओढत. तिचा मोठा भाग 1965 मध्ये बंद झाला आणि 1973 मध्ये एका धर्मादाय न्यासाने तो पुन्हा उघडला. वाटेतलं गोथलंड स्टेशन हॅरी पॉटरच्या पहिल्या चित्रपटात दिसलं, तेव्हापासून जगभरची पोरं तिथे उतरतात. पश्चिमेला माइनहेडची लाइन बत्तीस किलोमीटरची आहे. तिची जमीन सॉमरसेटच्या परगणा समितीने विकत घेतली आणि चालवणाऱ्या कंपनीला भाड्याने दिली. आपल्या भाषेत सांगायचं तर जिल्हा परिषदेने रेल्वेची जागा घेऊन गावकऱ्यांना करारावर दिली. हे वाक्य मी तुमच्यासमोर मुद्दाम सावकाश म्हणतो आहे.

केंटच्या किनाऱ्यावरच्या पंधरा इंची रुळांच्या रोमनी लाइनीचंही नाव घ्यायला हवं. 1927 ची ही गाडी दिसते खेळण्यासारखी, पण तिने शाळेची पोरं वाहिली आणि दुसऱ्या महायुद्धात तिच्यावर चिलखती गाडीही चालली. तिच्याबद्दल इतकंच.

या सगळ्यात इंजिन हा खरा कष्टाचा भाग आहे. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, कोळसा टाकला, शिट्टी मारली, निघाली. वाफेचं इंजिन थंड असेल तर त्याला एकदम पेटवत नाहीत. आदल्या दिवशी हलका जाळ करून बॉयलर कोमट ठेवतात, कारण लोखंड सगळीकडे सारखं फुगलं नाही तर सांधे गळतात. पहाटे राख उपसायची, जाळीवरचे खडे फोडायचे, तेलाचा बोळा आणि लाकडं पेटवायची, मग थोडा थोडा कोळसा. फायरमनचं निम्मं लक्ष काचेच्या उभ्या नळीवर असतं. नळीतलं पाणी दिसेनासं झालं की जीव धोक्यात, कारण भट्टीवरचा पत्रा उघडा पडला तर तो तापून मऊ पडतो आणि फुटतो. ड्रायव्हर तोवर तेलाची झारी घेऊन इंजिनाखाली शिरतो आणि एकेका सांध्यात तेल सोडतो. गाडी हलायच्या आधी तीन-चार तास असे जातात. आणि दर दहा वर्षांनी बॉयलर पूर्ण उघडून, नळ्या काढून, पाण्याच्या दाबाखाली तपासल्याशिवाय ते इंजिन चालवू देत नाहीत. खर्च लाखो पौंडांत जातो.

आपल्या भुसावळच्या शेडमध्येही एकेकाळी पोरगा आधी क्लीनर म्हणून लागायचा, मग फायरमन, मग शंटर आणि केस पांढरे व्हायला लागले की ड्रायव्हर. तिकडच्या स्वयंसेवकांनाही अशीच शिडी चढावी लागते. हौशी आहे म्हणून कुणी सरळ हँडलला हात लावू देत नाही. ते कौशल्य हाताने हाताला दिलं जातं. आपल्याकडे ते देणारे हात पुष्कळ होते; घेणारे हात कुणी जमवले नाहीत.

आता शकुंतलेकडे परत येतो. यवतमाळच्या गाडीला मँचेस्टरला 1921 मध्ये बांधलेलं झेडडी जातीचं वाफेचं इंजिन होतं. सत्तर वर्षं त्याने गाडी ओढली आणि 15 एप्रिल 1994 ला ते बाजूला झालं, डिझेल आलं. कापूस विदर्भाचा, गिरण्या मँचेस्टरच्या, इंजिनही मँचेस्टरचं. साहेबाचा हिशेब चोख होता. त्या गाडीतली माणसं मात्र आपली होती. गार्डच तिकिटं द्यायचा, गार्डच उतरून फाटक लावायचा, गाडी पुढे गेली की फाटक उघडून पुन्हा डब्यात चढायचा. यावर आपण फार विनोद केले. पण एवढ्या कमी माणसांत गाडी चालवण्याची ही पद्धत म्हणजे आजच्या हेरिटेज लाइनींना हवं असलेलं शहाणपण आहे, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

या लाइनीबद्दल एक चविष्ट कथा सांगतात: 1951 मध्ये रेल्वेची मांडणी नव्याने झाली तेव्हा सरकार म्हणे ही लाइन ताब्यात घ्यायला विसरलं, आणि म्हणून आजही आपण इंग्रजाला भाडं देतो. वर्तमानपत्रांना ही कथा इतकी आवडते की दर दोन-तीन वर्षांनी ती नव्याने छापून येते. विसरणं वगैरे काही नाही. लाइन खासगी कंपनीची, गाडी चालवणार जीआयपी आणि पुढे मध्य रेल्वे, आणि उत्पन्नातला वाटा कंपनीला, असा करार होता. तो वाढत राहिला. त्यात गुपित काही नव्हतं, निर्णय टाळणं होतं. रेल्वे म्हणायची, लाइन आमची नाही, तर तिच्यावर खर्च कशाला करू? कंपनी म्हणायची, गाडी तुम्ही चालवता, तर दुरुस्ती तुम्ही करा. भाऊबंदकीतल्या विहिरीला जसा कुणी दोर लावत नाही, तसं झालं. रूळ झिजले, वेग घटला, लोक एसटीला गेले. आर्वीचा तुकडा आधी गेला. 2016 मध्ये रेल्वेमंत्री सुरेश प्रभूंच्या काळात यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर लाइन रुंद करण्याचा सुमारे 1500 कोटींचा निर्णय जाहीर झाला, आणि पुढच्या काही वर्षांत अरुंद गाडी उभी राहिली ती राहिलीच.

माझं म्हणणं असं की स्वॉनेजच्या लोकांचं रेल्वेवर आपल्यापेक्षा जास्त प्रेम होतं म्हणून त्यांची गाडी वाचली, असं नाही. त्यांची गाडी कुणाच्या तरी हातात देता आली. गावाच्या समितीने स्टेशन घेतलं, परगण्याने जमीन ठेवली, संस्थेने करार केला, सभासदांनी वर्गणी भरली, आणि रूळ टाकायला माणसं आली. आपल्याकडे ही लाइन आधी किलिक निक्सनची होती, मग रेल्वेची, मग फाइलीची. पुलगाव-आर्वीच्या लोकांची ती एकाही दिवशी नव्हती. ज्यात आपला हक्क नाही त्याला वाचवायला कोण कशाला जाईल?

इथे कुणी म्हणेल, आणि रास्तच म्हणेल, की साहेब, ज्यांच्या दारात मोटारी आहेत त्यांना धुराची गाडी गोड लागते. हे खरं आहे. स्वॉनेजला रूळ टाकणारे लोकही मोटारीने यायचे. आर्वीच्या बाईला पोटात दुखलं तर सेवाग्रामच्या दवाखान्यात वेळेत पोचायचंय. तिला मँचेस्टरचं इंजिन नको, वेळेवर सुटणारी गाडी हवी. वर्धा-यवतमाळ-नांदेड रुंद मार्गावर वर्धा ते कळंब गाडी 2024 मध्ये सुरू झाली, त्याचा आनंद मला कुठल्याही जुन्या इंजिनापेक्षा जास्त आहे. आर्वीलाही तशी गाडी आली पाहिजे, आणि ती आली तर जुनी अरुंद माती आड येऊ नये, असंच मी म्हणेन. ‘शकुंतला वाचवा’ म्हणणारे काही मित्र शहरात राहतात आणि वर्षातून एकदा फोटो काढायला येतात. त्यांच्याशी माझं पटत नाही.

मग जुनं काय ठेवायचं? सगळं ठेवायचं म्हटलं की काहीच राहत नाही. स्वॉनेजने काही शे यार्डांपासून सुरुवात केली, हे मी मघाशी सांगितलं. तेवढं पुरे आहे. एक स्टेशन, एक मालधक्का, काटा आणि थोडे रूळ. मोकळ्या जागेत उभं केलेलं इंजिन चार पावसाळ्यांत गंजतं आणि पोरं त्याच्यावर नावं कोरतात. आपल्या शहरातल्या बागांमध्ये अशी इंजिनं बघा. ते हलतं राहिलं पाहिजे, मग तीनशे मीटर का होईना. 2002 मध्ये नागपूरला मोतीबागेत अरुंद रुळांचं संग्रहालय निघालं, ते आपल्याला जवळ आहे. तिथल्या माणसांना विचारता येईल की भिंत कशी बांधायची, रूळ कुठून मिळतात.

दुसरं, नुसतं इंजिन बघायला माणूस एकदा येतो. स्वॉनेजच्या गाडीला किल्ला आहे आणि समुद्र आहे. व्हिटबीच्या गाडीला मठ आहे. आपल्याकडे काय आहे ते मोजू. अचलपूरच्या गाडीला गाविलगड होता. 15 डिसेंबर 1803 ला इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेने घेतलेला, कॉर्फपेक्षा कितीतरी मोठा आणि तितकाच मोडका. पण अचलपूरला उतरून पुढचा घाट चढायची सोय गाडीच्या वेळेशी कधी जुळवली नाही. यवतमाळच्या लाइनीवर कारंजा लाड, नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान. दत्तभक्तांची रीघ तिथे आजही लागते. आणि आर्वीकडे? वर्धा नदीच्या पलीकडे कौंडण्यपूर, रुक्मिणीचं माहेर, जिथून तिची पालखी पंढरपूरला निघते. इकडे आष्टी, जिथे 16 ऑगस्ट 1942 ला नागपंचमीच्या दिवशी पोलीस ठाण्यावर गेलेल्या मोर्च्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आणि पुलगावच्या मुख्य लाइनीने पुढे गेलं की सेवाग्राम, जिथे 1936 पासून गांधीजी राहिले. परदेशातला माणूस सेवाग्राम बघतो, दुपारी परत नागपूरला जातो. आष्टीचं नावही त्याच्या कानावर पडत नाही. ही ठिकाणं एका दिवसात, एका तिकिटात, आपल्या तळेगावच्या एसटीने जोडता येतील. त्यासाठी रूळ लागत नाहीत. वेळापत्रक लागतं, आणि ते आगारात बसून दोन तासांत होतं.

गमतीची गोष्ट अशी की आज इंग्लंडच्या वाफेच्या गाड्यांना कोळसा मिळेना झाला आहे. वेल्समधली त्यांना पुरवठा करणारी मोठी खाण 2023 मध्ये बंद झाली, आणि आता ते बाहेरून मागवतात. आपल्या शेजारी वरोरा-चंद्रपूरकडे जमिनीखाली कोळसाच कोळसा. त्यांच्याकडे इंजिनं आहेत आणि कोळसा नाही; आपल्याकडे कोळसा आहे आणि धावणारं इंजिन बघायलाही नाही.

शेवटी, या सभागृहातल्या मंडळींना एक काम सांगून मी थांबतो. इथे बसलेल्यांपैकी कुणाच्या घरी पुलगाव-आर्वी गाडीची जुनी तिकिटं असतील, कापसाच्या गाठी बुक केल्याच्या पावत्या असतील, जिनाच्या चोपड्यांत मालभाड्याच्या नोंदी असतील, रेल्वेत नोकरी केलेल्या आजोबांचा पास किंवा शिट्टी असेल. हे सगळं ट्रंकेत आहे, त्याला कसर लागते आहे. पुढच्या महिनाभरात ते इथल्या वाचनालयात आणून द्या; मूळ कागद द्यायचा नसेल तर फोटो द्या, पण गावाचं नाव आणि साल लिहून द्या. आणि आर्वी, रोहणा, विरूळ भागातल्या तरुणांनी एवढं करावं: त्या लाइनीच्या पट्टीवर आज कुणाचं कुंपण आहे, कुठे रस्ता झाला, कुठली स्टेशनची इमारत उभी आहे आणि सातबाऱ्यावर आज कुणाचं नाव आहे, हे फिरून लिहून काढावं. हे माहीत झालं की कुणाच्या दारात अर्ज घेऊन जायचं ते आपल्याला ठरवता येईल. प्रश्न विचारायला पंधरा मिनिटं आहेत. आर्वीच्या शेवटच्या एसटीने जाणाऱ्यांनी आधी विचारावेत.